आजी फायनल

कॉम्प्युटर पुन्हा हँग झाला तेव्हा मिथुनने माउस उचलून टेबलावर आपटला, आणि लगेच उलटा करून फुटला तर नाही ना ते बघितलं. माउस नवा होता. माउसच काय, त्या डब्यात आता जुनं असं फारसं उरलंच नव्हतं. रॅम बदलून झाली, पॉवर सप्लाय बदलून झाला, प्रोसेसरवर नवी पेस्ट लावून झाली, हार्डडिस्कसुद्धा नवी आली. तरी पडद्यावरचा बाण होता तिथेच. कोपऱ्यातलं घड्याळ थांबलेलं. नमलॉकचं बटण दाबून बघितलं, दिवा लागेना. आत पंखा मात्र घुंऽऽ करत फिरत होता, जसं काही सगळं काम तोच करतोय.

"मर मेल्या," मिथुन म्हणाला आणि बटण दाबून धरलं.

भिवंडीजवळच्या वळ गावात, गोदामांच्या रांगेमागे त्याचं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत हा कॉम्प्युटर आणि त्याच्यावर चाललेला त्याचा धंदा. वाढदिवसाचे बॅनर, हळदीचे बॅनर, भावपूर्ण श्रद्धांजली. आजूबाजूच्या गावांत कुणी जन्मलं, कुणी लग्नाला उभं राहिलं, कुणी गेलं, की त्याचं तोंड एकदा तरी मिथुनच्या पडद्यावर यायचंच. बाहेर दिवसभर कंटेनर रिव्हर्स घेत टीं टीं करत असायचे, त्यातच तो लोकांचे चेहरे उजळ करत बसायचा. एवढी वर्षं मशीनने कधी कुरकुर केली नव्हती. आणि नेमकी आता, आई गेल्यापासून, ही थेरं सुरू झाली होती.

रविवारी आईचं पुण्यानुमोदन होतं. बौद्धाचार्य येणार, पाहुणे येणार, पंचशील होणार, आणि समोर ठेवायला आईचा, शेवंताचा, फोटो नाही! सगळ्या तालुक्याच्या म्हाताऱ्यांचे फोटो करून देणाऱ्या माणसाच्या आईचा फोटो नाही. मिथुनला याचा नुसता संताप येत होता. आई कॅमेऱ्यासमोर कधी उभीच राहायची नाही. मोबाइल उचलला की उठून आत जायची. एका लग्नातल्या घोळक्यात तिचा चेहरा तेवढा सापडला होता, तोही बेसावध, हसता हसता टिपलेला. अंग पुढच्या बायकांच्या मागे झाकलेलं.

अशा चेहऱ्यांसाठी मिथुनकडे एक फाइल होती. नाव 'आजी फायनल'. भिवंडीत ज्या स्टुडिओत तो काम शिकला, तिथल्या मालकाने स्टुडिओ बंद करताना त्याला सगळा माल दिला, त्यातली ही. एक बाई खुर्चीवर ताठ बसलेली, मागे निळा पडदा, दोन्ही हात मांड्यांवर सपाट ठेवलेले. मानेच्या वर काही नाही. ज्यांच्या घरात म्हातारीचा धड फोटो नसायचा, आणि बहुतेकांच्या घरात नसायचाच, त्यांनी रेशन कार्डावरचा, लग्नातला, कुठलाही चेहरा आणून द्यायचा. मिथुन तो या बाईच्या मानेवर बसवायचा. साडी पांढरी होती हे फार सोयीचं. पांढऱ्यावर कुठलाही रंग चढतो. कुणाला हिरवी, कुणाला जांभळी, कुणाला काठाची. एवढ्या घरांत एकच बाई भिंतीवर बसलीय, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. लोक चेहरा बघतात, हात कोण बघतो?

त्या बाईच्या पदरावर एक निळा बिल्ला होता, जयंतीला लावतात तसला. तो मिथुन दर वेळी पुसायचा. पुसताना मनातल्या मनात हसायचासुद्धा. बड्या बड्या शेठलोकांच्या हॉलमध्ये आपल्यातलीच कुणीतरी बाई हार घालून बसलीय, आणि त्यांना पत्ताच नाही. भारी वाटायचं त्याला.

आता त्याच फाइलवर आईचा चेहरा बसवायचा, तर मशीन हँग.

तिसऱ्या प्रहरी हरेश आला. भिवंडीतला रिपेअरवाला, सगळे नवे पार्ट त्यानेच घातलेले. मिथुनने त्याला दारातच धरलं.

"हरेशभाई, काय बसवलंय हे? लाज वाटायला पाहिजे राव. सगळं बदललं तुम्ही, फक्त मला बदलायचं बाकी ठेवलंय!"

"बघतो ना. गरम कशाला होतोस?"

हरेशने गाणी लावली, व्हिडिओ लावले, एकदम डझनभर बॅनर उघडले. मशीन सुतासारखं सरळ चाललं. मग मिथुनने 'आजी फायनल' उघडली आणि आईचा चेहरा उचलून त्या मानेजवळ नेला. बाण थांबला. घड्याळ थांबलं.

"फाइल करप्ट है," हरेश खूश होऊन म्हणाला. "मशीन एकदम ओके. मैं बोला था ना?"

फाइल पेनड्राइव्हवर घेऊन त्याने ती आपल्या लॅपटॉपवर उघडली. उघडली छान. चेहरा मानेजवळ नेला आणि लॅपटॉपही थांबला. हरेश वाकून पडद्याकडे बघत राहिला. एकदा मिथुनच्या पडद्याकडे, एकदा आपल्या. मग त्याने लॅपटॉप तसाच मिटला, बॅगेत कोंबला आणि चपला घालू लागला.

"अहो, चाललात कुठे?"

"दोन्हीकडे सेम नाहीये," हरेश म्हणाला. "तूच बघ. मला नको."

"काय सेम नाहीये?"

पण त्याची बाइक सुरूही झाली होती. काम जमलं नाही की असंच! मिथुनने तोंडाला येईल ते बडबडत खुर्ची ओढली आणि थांबलेल्या पडद्याकडे नीट बघितलं. बाण हलत नव्हता, घड्याळ हलत नव्हतं. हात मात्र मांड्यांवर सपाट नव्हते. तळवे पुढे सरकून गुडघ्यांवर आले होते आणि कोपरं थोडी बाहेर फाकली होती.

आपणच कधीतरी बदल केला असेल, असं तो स्वतःला म्हणाला. पण त्याने केला नव्हता. हे हात त्याला स्वतःच्या हातांइतके पाठ होते.

खात्री करायला तो महादूशेठकडे गेला. महादूशेठची भातशेती गोदामांखाली गेली आणि बंगला वर आला. हॉलमध्ये त्याच्या आईचा हा मोठा फोटो, मिथुननेच याच फाइलवर केलेला, जांभळी साडी, चंदनाचा हार.

"काय रं मिथुन, आई गेली म्हणं तुजी," महादूशेठ म्हणाला. "लय राबली आमच्या वीटभट्टीवर. बस की."

तो बसला. चहा आला. महादूशेठला कपबशीत, मिथुनला कागदी कपात. हल्ली कागदी कप निघालेत ना, त्यामुळे कुणाला काही बोलायची सोयच राहिली नाही. आई सांगायची, भट्टीवर पाणी ओंजळीत वरून ओतायचे. मिथुनने एक घोट घेतला आणि वर बघितलं.

चंदनाच्या हाराखाली दोन्ही तळवे गुडघ्यांवर रोवलेले होते. कोपरं बाहेर. खांदे किंचित पुढे झुकलेले. गुडघे दुखणाऱ्या बायका उठायच्या आधी असाच रेटा देतात.

"शेठ, हे हात असेच होते?"

"तूच केलास ना फोटो? मग? तसाच हाय."

"असे नव्हते. मी सपाट ठेवले होते. मी केलंय ना, मला माहीत नाही?"

"आरं, वरडतोस कशाला?" महादूशेठ म्हणाला. पण त्यानेही वर बघितलं, आणि कपबशी खाली ठेवली.

घरी परत आला तर धम्मदिना, त्याची बायको, रंगूबाईला घेऊन बसली होती. रंगूबाई आईची जन्माची मैत्रीण, रविवारच्या जेवणाचं ठरवायला आलेली. पडद्यावर ती फाइल तशीच थांबलेली होती, वरती मान रिकामी. रंगूबाई डोळे बारीक करून टेबलाजवळ आली.

"ही हितं कशी?"

"कोण, मावशी?"

"शेवंता."

मिथुनला हसू आलं आणि रागही आला. "मावशी, डोकंच नाहीये हिला. ही स्टुडिओची जुनी बॉडी आहे. कितीतरी वर्षं वापरतोय मी."

"तू मला शिकवू नको. ह्यो बिल्ला मी लावलाय. तिरपा लागलाय बघ. घाई झालेली, रिक्षा निघत होती."

बिल्ला तिरपाच होता. पुसताना मिथुनला नेहमी वाटायचं, लावणाऱ्याने नीट तरी लावायचा.

"जयंतीला गेलेलो आम्ही दोघी भिवंडीत, फोटो काढाया," रंगूबाई सांगू लागली. "नव्या पांढऱ्या साड्या. तू शाळेत जायचास तवा. शेवंता काय ताठ बसली व्हती! स्टुडिओवाला पन बोलला, असं कुनी बसत न्हाय. आन मग गेलो आनाया, तर माजा फोटो आला, तिचा न्हाय. रोल जळला बोलला. लय रडली ती. बोलली, आपलं नशीबच न्हाय फोटोचं. परत उभी राहिली का कदी?"

धम्मदिनाने मिथुनकडे बघितलं. तो पडद्याकडे बघत होता. हे हात. भाकरी थापणारे, त्याच्या डोक्याला तेल लावणारे. यांच्यावर त्याने दर महिन्याला नवा चेहरा बसवला आणि ओळखले नाहीत.

मग त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोल जळला म्हणे! नालायक माणूस, एका बाईचा फोटो चोरला, तिचं डोकं पुसलं आणि तिला वर्षानुवर्षं भाड्याने दिली! आणि वर तिच्याच पोराला कामाला ठेवून त्याच्याच हाती ती सोपवली. आई या गावांतल्या घराघरांत बसली. ज्यांनी तिला ओट्याच्या वर येऊ दिलं नाही, त्यांच्या हॉलमध्ये बसली, त्यांच्या आयांचे चेहरे मानेवर घेऊन. त्यांनी तिला हार घातले, उदबत्त्या लावल्या, तिच्यापुढे डोकी टेकली. तिला विचारलं कुणी? तिला बसायचं होतं का तिथे? आणि आपण तिचा निळा बिल्ला पुसत हसत होतो.

"बंद कर ते," धम्मदिना म्हणाली. "मला बघवत नाही."

"बंद नाही करणार. फोटो होणार आईचा. आत्ता होणार."

त्याने मशीन पुन्हा सुरू केलं. फाइल उघडली. साडीला रंग दिला नाही. बिल्ल्याला हात लावला नाही. लग्नातला चेहरा उचलला आणि मानेजवळ नेला.

घड्याळाकडे बघितलं. घड्याळ चालू होतं.

चेहरा लहान करावा लागला नाही, मोठा करावा लागला नाही. मानेवरची सावली गालावरच्या सावलीला मिळाली. शिवण कुठे आली ते त्यालाही दिसेना.

"ह्यीच," रंगूबाई म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

हात मांड्यांवर सपाट होते. निवांत.

मशीन पुन्हा एकदाही थांबलं नाही.

रविवारी सगळं व्यवस्थित झालं. मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली, पाहुण्यांनी एकेक फूल वाहिलं. पांढऱ्या साडीतली शेवंता समोर बसली होती आणि जो तो म्हणत होता, अगदी बोलेल आता. मिथुनचा राग गेला नव्हता. पण आई घरात आहे असं त्याला खूप दिवसांनी वाटलं, आणि तो जेवला.

सोमवारी सकाळी दार वाजलं. महादूशेठ उभा होता, बगलेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी. गाडी नव्हती, गडी नव्हता. पायात घरच्या चपला.

"आत येऊ का?" त्याने विचारलं.

असं त्याने कधी विचारलं नव्हतं. मिथुन बाजूला झाला. महादूशेठने चादर टेबलावर ठेवली, पण सोडली नाही.

"मिथुन, बाबा, जरा बघ. आईला... आईला बसाया कायतरी दे."

मिथुनने त्याच्या खांद्यावरून बाहेर बघितलं. गल्लीत काशी येत होती, शेलारांच्या घरातली सून, छातीशी कापडात काहीतरी धरून. तिच्या मागे आणखी एक म्हातारा. त्याच्याही मागे कुणीतरी.

त्याने चादर बाजूला केली. चंदनाचा हार. त्याच्या वर महादूशेठच्या आईचा चेहरा, ठसठशीत कुंकू, निळ्या पडद्यावर एकटाच. खाली साडी नव्हती, हात नव्हते. खुर्ची होती, रिकामी, आणि तिच्या गादीवर नुकतंच कुणी उठून गेल्याचा खळगा होता.