दहा देठ कमी

ती आत झोपली आहे, म्हणून सांगतो. तिच्यासमोर हा विषय आम्ही काढत नाही.

गेल्या मे महिन्यात मी बडोद्याहून सावली गावाला पळसाची पानं आणायला गेलो होतो. ज्याचा देह हाती येत नाही, त्याचा पुतळा पळसाच्या देठांचा करतात आणि त्याला अग्नी देतात, असं गुरुजींनी सांगितलं होतं. तीनशे साठ देठ, डोक्याच्या जागी नारळ. पानवाला पन्नास-पन्नासच्या जुड्या बांधत होता. इतकी पानं बघून म्हणाला, "काका, घरे जमणवार छे?" हो, जेवणावळ आहे, असं म्हणून मी सात जुड्या घेऊन निघालो.

आमचा मुलगा उन्मेष दोन वर्षांपूर्वी एव्हरेस्टवरून उतरताना गेला. तो कुठे आहे हे आम्हाला नीट माहीत आहे, आणि तेच सोसत नाही. वाटेवरच्या दोराला टेकून बसलाय. आठ हजार मीटरच्या वर हवा इतकी विरळ असते, की धडधाकट माणसालाही स्वतःचं अंग ओढवत नाही. गोठून दगड झालेला देह खाली आणायचा तर जीव मुठीत धरून राबणारी आठ-दहा माणसं लागतात. म्हणून बहुतेकांना तिथेच ठेवतात, आणि दर मोसमात लोक त्यांच्या शेजारून वर जातात. उन्मेषच्या जॅकेटची चेन उघडी होती, हातमोजे काढलेले होते. थंडीनं मरणाऱ्याच्या अंगाची शेवटी आग आग होते, तो कपडे काढू लागतो, असं त्याच्या सोबत्यानं सांगितलं. मी फिजिक्सचा मास्तर, मला ते पटलं. अहल्येला, माझ्या बायकोला, पटलं नाही. कुणीतरी त्याला मोजे घालायला हवे होते, एवढंच ती म्हणत राहिली.

तिथून केलेल्या शेवटच्या फोनवर तो हसत म्हणाला होता, आई, इथे पाणी उकळतं पण डाळ काही शिजत नाही. तेव्हापासून अहल्येनं वरणभात सोडला. बोलणंही हळूहळू सोडलं. उन्मेषला मोकळं करायचं, असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरं सांगू? मला माझी बायको परत हवी होती.

मही नदीच्या काठी, भर दुपारी, चव्वेचाळीस डिग्रीत गुरुजी पुतळा मांडत होते. प्रत्येक अवयवाचे देठ ठरलेले असतात. छाती झाली, पोट झालं, हात-पाय झाले. मग गुरुजी थांबले.

"दहा कमी आहेत. बोटं राहिली."

सात पन्नास साडेतीनशे. आयुष्यभर पोरांना मोजमाप शिकवलं, आणि मला हा हिशेब जमला नव्हता. कुणाला तरी पाठवून आणवू, असं गुरुजी म्हणाले. उन्हानं डोकं फिरलं होतं. चालेल हो, दहानं काय होतंय, असं मीच म्हणालो.

मी अग्नी दिला. देठ भराभर जळले. राख निवायला आधी दूध शिंपडायचं असतं. गुरुजी तांब्या उचलायला वळले तेवढ्यात अहल्या वाकली आणि तिनं उजवा हात राखेत घातला. मी तिच्या शेजारीच उभा होतो, तरी मला तिला अडवता आलं नाही.

"भाजलं का?"

"नाही... गार आहे."

कापराचा वास एकदम नाहीसा झाला. वाळूवरून सरसरणारा वाराही थांबला.

"अहल्या, हात काढ."

"निघत नाहीये हो..." ती अगदी हळू म्हणाली. "त्यानं धरलाय."

मी तिच्या दंडाला धरून ओढलं. समोरून कुणीतरी ओढत होतं. तेवढी ओढ माणसाची असते, हे मी शपथेवर सांगतो. मग सुटला. परत येताना गाडीत ती त्या हाताकडे बघून हसत होती. दोन वर्षांनी हसत होती, म्हणून मी काही विचारलं नाही.

चौथ्या दिवशी बोटं पांढरी पडली, मग फोड आले, मग टोकं काळी झाली. हे तर बर्फानं होतं, असं डॉक्टर पुटपुटले. "बेन, तमे बरफमां क्यां गया हता?" बोटं काढावी लागतील, नाहीतर वर चढत जाईल, असं त्यांनी मला बाहेर नेऊन सांगितलं. अहल्या तयार होईना. मी पाया पडलो तिच्या.

"नको हो," ती म्हणाली. "आत्ता कुठे त्याच्या बोटांना ऊब लागतेय."

आता काळं मनगटापर्यंत आलंय. ती मात्र वरणभात जेवते, माझ्याशी बोलते, अगदी पूर्वीसारखी. सगळी कामं डाव्या हातानं करते, उजवा पदराआड असतो. काल तिनं मला चहाचा कप दिला. तो घेताना तिची बोटं माझ्या हाताला लागली आणि मी झटकन हात मागे घेतला. तिनं ते पाहिलं. कप खाली ठेवला आणि डावा हातही पदराआड नेला.