सगळ्या तक्रारींच्या पीडीएफ

गुलमंडीच्या सायबर कॅफेत पुढच्या माणसाच्या स्क्रीनवर मला माझंच वाक्य दिसलं — ‘बिल्डरसाहेबांना आमच्या टाकीत बुडवलं असतं, पण बुडण्याइतकं पाणी नाही.’

“हा माझा मेल आहे,” मी म्हणाले. “तुम्ही कोण वाचणारे?”

तो वळला... आणि गडबडून उभाच राहिला. “नीरजा मॅडम? मी अजिनाथ. बिल्डरच्या हापिसातून तुम्हाला उत्तरं देतो, तो.”

म्हणजे हाच तो ‘आपली तक्रार नोंदवली आहे’वाला! बायपासला फ्लॅट देताना बिल्डरनं नळाचं पाणी कबूल केलं होतं. त्यात यंदा दुष्काळ; आमची अख्खी सोसायटी टँकरवर, आणि तक्रारी लिहायचं काम माझ्याकडं, कारण मी तिखट. उद्या ग्राहक मंचात सुनावणी. जपून ठेवलेले मेल पेनड्राइव्हवर नेले, तर वकील म्हणाले, या फायली उघडतच नाहीत, पीडीएफ करून आणा. अजिनाथलाही त्याच्या मालकानं, म्हणजे बिल्डरनं, त्याच कामाला धाडलं होतं. चालू कॉम्प्युटर एकच. मग काय, एकाच बाकावर बसलो.

“सोपं हाय. मेल उघडायचा, प्रिंट दाबायचं, प्रिंटरच्या जागी पीडीएफ निवडायचं,” तो म्हणाला. पण स्वतः प्रत्येक मेल आधी वाचायचा, हसायचा, मग सेव्ह करायचा.

“पटापट करा की.”

“हा टाकीचा तर आईला वाचून दाखवला मी, गंगापूरला. मेंढ्या सोडायच्या राहिल्या तिच्या. म्हणली, पोरगी लई खमकी हाय.”

मी कपाळाला आठ्या घातल्या. कान मात्र गरम झाले होते.

शेवटी पाळी आली बिल्डरच्या मेलची — ‘दिवाळीपर्यंत नळ जोडून देतो.’ तोच माझ्याकडं नव्हता. बाबांनी ‘जागा अडते’ म्हणून उडवला होता. तो नाही तर केसच नाही. मला रडूच यायला लागलं.

अजिनाथनं आपल्या मेलमध्ये शोधलं. मग म्हणाला, “माझ्याकडं हाय.” पीडीएफ केली आणि सरळ माझ्या पेनड्राइव्हवर टाकली.

“नोकरी जाईल तुमची.”

“मालकानं सगळ्या मेलच्या पीडीएफ करायला सांगितल्यात. त्यात हाही आला. अन् नोकरी दुसरी मिळंल. भीती वेगळीच हाय...” तो उगाच माउस हलवत राहिला. “नळ आला, की तुमचे मेल बंद.”

हा माणूस उन्हाळाभर माझ्या शिव्यांची वाट बघत होता. आणि मी? ‘नोंदवली आहे’च्या खाली तो हल्ली लिहायचा — ‘उन्हात टँकरपाशी थांबू नका.’ त्या एका ओळीसाठी मी रोज नवं भांडण काढत होते. आवडायला लागला होता मला, न बघताच.

“पाणी नसलं तरच मी भांडते, असं कोण म्हणालं? आमच्या बाबांना विचारा.”

“व्हय? मग... विचारायला कधी येऊ?”

“नळाला पाणी आलं की या,” मी खाली बघत म्हणाले. “टँकरच्या पाण्याचा चहा मी पाहुण्याला देत नाही.”

अजिनाथनं माझ्या हातातला पेनड्राइव्ह परत घेतला आणि बिल्डरचा तो मेल त्यात आणखी एकदा टाकला.

“एक नाय उघडला तर दुसरा असू द्या,” तो म्हणाला.