गरमीचा काटा

नेकनूर मागं पडलं, अन् उत्तरेश्वरनं मोटार पुन्हा थांबवली.

"आता काय झालं?" मुक्ता मागून कडाडली.

"काटा लालवर गेलाय, मुक्ताबाई. पाणी तापलंय. जरा निवू द्या."

मुक्ता धाडकन दार उघडून खाली उतरली. सोबत दिलेली भिवराआत्या मागं खुशाल घोरत होती. तिकडं मोमिनाबादला, मामाच्या घरी, मुक्ताला बघायला पाहुणे येऊन बसले असणार. मोहनराव, तिचे वडील, आदल्या दिवशीच पुढं गेले होते.

उत्तरेश्वर मूळचा कडा गावचा, शेतकऱ्याच्या घरचा. औरंगाबादेत मोटारीचं काम शिकून तो दिवाळीला मोहनरावांकडं ड्रायव्हर म्हणून आला. पहिल्याच दिवशी त्यानं दारात असा भोंगा वाजवला, की मुक्ताच्या हातातली घागर फुटली. तिनं त्याला असं झापलं... आणि तो नुसता हसत राहिला! तेव्हापासून दोघांचं बोलणं म्हणजे भांडणच. पण भांडायला निमित्त शोधत ती रोज अंगणात यायची — हे तिनं स्वतःलाही कबूल केलं नव्हतं.

"मीच बघते!" ती तरातरा पुढं गेली. मोटारीच्या नाकावर पाण्याचं टोपण, आणि टोपणावरच गरमीचा तो गोल काटा. पदर हाताला गुंडाळून तिनं टोपण पिळलं. आता हा ओरडेल, धावत येऊन हात धरेल... पण उत्तरेश्वर जागचा हलला नाही.

वाफ आलीच नाही. पाणी कोमट. काटा मात्र लालवरच!

मुक्ता सावकाश वळली. "काटा बिघडलाय."

"...हाय."

"कधीपासून?"

"परवापासून. नवा आणलाय. खिशातच हाय."

"मग बसवला कावून न्हाई?"

"तुमी तिकडं पोचू नये... म्हणून."

"कावून पण?"

त्यानं मान वर केली. "तुमी दुसऱ्याच्या घरी गेलेलं मला बघवायचं न्हाई."

मुक्ताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. राग मात्र दुप्पट झाला.

"अन् हे मला सांगायचं सोडून मोटारीला खोटं बोलायला लावलं? पाहुणे उठून गेले असते, तर बोल कुणाला लागला असता? मलाच! मी काय गाडीत टाकलेलं पोतं हाय? एकदा विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर... काय म्हनला असता?"

"आधी तो काटा बसवा!"

तो काटा बसवू लागला. टोपण तिनं धरलं होतं. बोटाला बोट लागलं... तिनं हात काढला नाही. कपाळावरची आठीही काढली नाही.

"चला मोमिनाबादला. सरळ."

"तिकडं? आता?"

"मला जे सांगायचंय, ते तोंडावर सांगणार हाय मी."

आणि तिनं सांगितलं. धुळीनं माखलेल्या लुगड्यानिशी ओसरीवर उभी राहून ती पाहुण्यांना म्हणाली, "तुमच्यात काही खोट न्हाई. पण माझं मन दुसरीकडं हाय. माफ करा."

पाहुणे मुकाट्यानं उठले. मोहनराव गरजले, "कुणाकडं?"

"माझ्याकडं, मालक." उत्तरेश्वर दारातून आत आला. तो थेट मोहनरावांसमोर येऊन उभा राहिला. "चाकरीवरून काढा, मारा... पण मुक्ताबाईंना मागायला आलोय."

मोहनरावांनी हातातली काठी उगारली. मुक्ता मधे येऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी, पण नजर वडिलांच्या नजरेला भिडलेली. शेवटी काठी जमिनीवर आपटून ते घरात निघाले.

"कड्याहून तुझ्या बापाला घेऊन ये! सोयरिकीचं मी तुझ्याशी बोलणार न्हाई!"

ओसरीवर दोघंच उरली.

"अजून राग हाय?" उत्तरेश्वरनं हळूच विचारलं.

"लई," मुक्ता म्हणाली, आणि पदराच्या आडून तिनं त्याचा हात घट्ट धरला.