अगोदरी

वेस्ली हॉकिन्सच्या गाडीला स्टिअरिंग होतं, पण ते आता नुसतं हात ठेवायला. गाडी वळायची ती त्याच्या मनातनं. हेल्मेटच्या अस्तरात 'अगोदरी' बसवलेली होती. हात हलवायचं ठरवलं हे आपल्याला कळायच्या निमिषभर आधीच मेंदूत त्या हालचालीची जुळवाजुळव सुरू झालेली असते. अगोदरी ती टिपायची आणि थेट चाकांना कळवायची. ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगात निमिषभर म्हणजे काय ते ज्याला कळतं, त्याला वेस्लीने अमेरिकेतली सात अजिंक्यपदं कशी मारली हे वेगळं सांगायला नको.

सांगावं लागलं ते बाकीच्यांना. हरलेले ड्रायव्हर बोंबा मारत सुटले की हा कसला जिंकतोय, यंत्र जिंकतंय. वेस्लीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. टीव्हीवर, शर्यत मंडळाच्या चौकशीत, अगदी चर्चच्या जेवणातसुद्धा त्याचं एकच तुणतुणं: यंत्राला स्वतःची अक्कल नाही, ते माझ्याच मनातलं करतं. अखेर मंडळाने ते मानलं आणि पदं त्याच्या नावावर राहिली. अगोदरी लावायची की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलं. त्याची मुलगी कार्ली शर्यतीत उतरली, तेव्हा तिने साफ नको म्हटलं. हट्टी पोरगी, बापावरच गेलेली.

टेनेसीतल्या शर्यतीत शेवटच्या फेरीला बापलेक दोघंच पुढे होती. या अंडाकृती ट्रॅकवर सगळी वळणं डावीकडची. कुणी आतल्या बाजूने घुसायला लागला की आपण डावीकडे सरकून वाट बंद करायची, याला ड्रायव्हर लोक 'दार लावणं' म्हणतात. दुसरा आत शिरला की मात्र दार लावायचं नसतं, हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. स्टँडच्या छपरावरून पाहणारा त्याचा माणूस रेडिओवरून वेस्लीच्या कानात म्हणाला, "आत आली." ती नुसती आतच आली नव्हती, अर्धी गाडी पुढेही गेली होती. तरी वेस्लीची गाडी डावीकडे गेली. कार्लीच्या मागच्या चाकाला धडक बसली, ती गरगरत वर गेली आणि भिंतीवर आदळली. वेस्ली जिंकला.

कार्लीच्या कमरेचं हाड मोडलं, जीव वाचला. वेस्ली हॉस्पिटलात जाई, खोलीच्या दारापर्यंत येई आणि परत फिरे. खाणंपिणं गोड लागेना, एका जागी बसवेना. शेवटी तो उठून अगोदरी बनवणाऱ्या डॉ. रोहिणी गद्रे यांच्याकडे गेला. बाई मूळच्या सांगलीच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. यंत्र बिघडलं होतं ना, एवढंच त्याला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यांनी सगळी नोंद तपासली आणि नकारार्थी मान हलवली. वळायची जुळवाजुळव त्याच्याच मेंदूत झाली होती.

"म्हणजे मी पोरीला मारायला निघालो होतो?"

"तसं नाही, वेस्ली. हातात चाकू असताना लेकरू जवळ आलं, की चांगल्या आईच्याही मनात क्षणभर भलतंच येऊन जातं. आपण ते अडवतो. मनात येणं आणि अडवणं यांच्यामध्ये निमिषभर जातं. तोच वेळ आम्ही वाचवला."

मी अडवलं असतं का, असं त्याने विचारलं. ते आता कुणालाच सांगता येणार नाही, असं बाई म्हणाल्या, आणि त्यांचाही चेहरा उतरला.

आता घोडं अडलं. यंत्राने केलं म्हणावं, तर सातही पदं यंत्राची. मी केलं म्हणावं, तर पोरगी गेली. वेस्लीने फार वेळ लावला नाही. पदं गेली खड्ड्यात, असं मनाशी म्हणत तो हॉस्पिटलात कार्लीच्या खोलीत शिरला. पलंगाशी बसून त्याने सांगितलं, की ते सगळं यंत्राने केलं आणि तसं तो मंडळालाही कळवणार आहे.

कार्लीने त्याचा हात धरला.

"खोटं नको बोलूस, डॅड. मी तुझ्या बरोबरीला आले ना, तेव्हा तुला भिंतीत दाबून टाकावं असं माझ्याही मनात आलं होतं."

"मग?" वेस्लीने विचारलं.

"मग काय," कार्ली म्हणाली, "मला थांबायला वेळ मिळाला."