भुईखारीची ऊब

औषध दिलेल्या तिन्ही भुईखारी सकाळी मेलेल्या सापडल्या. न दिलेली चौथी मात्र मागच्या पायांवर उभी राहून दाणे खात होती. पिवळट-करडी लव, पाठीवर पांढरे ठिपके, आखूड शेपूट. उत्तरेकडच्या गवताळ माळावरचा हा जीव. चार महिने उन्हात खायचं, पिल्लं वाढवायची. उरलेलं वर्ष बिळात, अंग बर्फासारखं गार करून काढायचं.

लेहच्या या प्रयोगशाळेत डॉ. कुमुद देवस्थळीने तीच युक्ती आपल्या थोरल्या बहिणीसाठी वापरली होती. वत्सलाताईची फुफ्फुसं जेमतेम बारा दिवस टिकणार होती. तिच्याच पेशींपासून नवं फुफ्फुस वाढवायला आठ महिने लागणार होते. गार शरीरात आजारही थांबतो. म्हणून ताई सात महिने शेजारच्या शीतपेटीत होती.

अडचण एवढीच, की भुईखार दर तीन आठवड्यांनी कुडकुडत गरम होते आणि दिवसभर उबेत राहून पुन्हा गार होते. ताई तशी गरम झाली असती, तर दर वेळी बारातला एक दिवस गेला असता. कुमुदने वहीत या प्रकाराला 'झोपमोड' म्हटलं आणि तो थांबवणारं ऊबरोधक औषध तयार करून ताईला आणि तीन खारींना सुरू केलं. पाच धाकट्या भावंडांचं करण्यात ताईला कधी सलग झोप मिळाली नव्हती. निदान आता तरी कुणी उठवू नये.

"काल तिघी बिळातून बाहेर आल्या," मेंदूतज्ज्ञ तांबोळी म्हणाले. "गवताला तोंड लावलं नाही. आहेत तिथेच लवंडल्या."

"थंडी बाधली असेल."

"बाई, मेंदूलहरी बघा. गार असताना झोप नाहीच. अंग इतकं गार, की मेंदूला झोपताच येत नाही. चौथी खार गरम व्हायची ती झोपायला. या तिघींना ती झोप मिळालीच नाही."

कुमुद खाली बसली. "म्हणजे ताई सात महिने..."

"जागी नाही. पण झोपलेलीही नाही."

"बारापैकी शस्त्रक्रियेला किती दिवस हाताशी लागतील?"

"आठ. म्हणजे चार आपल्याकडे आहेत."

"पहिला आज देऊ."

त्यांनी ऊबरोधक बंद केलं. दुपारी ताईचे ओठ थरथरले, मग अंग कुडकुडायला लागलं. कुमुदचा हात सवयीने औषधाच्या कळीकडे गेला. सात महिने रोज संध्याकाळी "झोप ताई" म्हणत तिने हीच कळ दाबली होती. तिने हात मागे घेतला.

ताईने डोळे किलकिले केले.

"कुमे, किती दमवलंस गं मला."

"हो ताई."

"जरा पडू का? कुणाला काही हवंय का?"

"कुणाला काही नको."

पडद्यावरची मेंदूलहरींची रेघ हळूहळू रुंद, संथ लाटांत पसरली. ताई घोरायला लागली, लहानपणी सगळ्यांना हसू यायचं तशी.

"एक दिवस गेला," तांबोळी म्हणाले.

"हळू बोला," कुमुद म्हणाली.