रिकाम्या समुद्राचा फोटो

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या वहिनीच्या बाबतीत घडलेली आहे. आणि वहिनी म्हणजे भुताखेतांचा विषय निघाला की फिदीफिदी हसणारी बाई. आता हसत नाही.

रात्र नव्हती. रविवारची भर दुपार होती.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर वहिनी फोटो एडिटिंगचा क्लास घेते. डोंगर, नदी, समुद्र असले फोटो. लोक आपापले फोटो आणतात. ती प्रोजेक्टरवर ते भिंतीएवढे मोठे करते आणि कसे सुधारायचे ते शिकवते. उजेड नको म्हणून खिडक्यांना जाड पडदे. खाली रस्ता, समोर मैदान. त्यामुळे हॉर्न आणि पोरांचा कल्ला पाचवीला पुजलेला.

त्या दिवशी टेंपोवाल्या काकांचा फोटो चालला होता. काकांना रंगांचा भारी सोस.

"काका, हा सूर्यास्त आहे की आग लागलीय?" वहिनी म्हणाली. "रंग मिठासारखा घालायचा, चिमटीनं. तुम्ही अख्खी बरणी उपडी केलीत."

सगळे हसले. काका सगळ्यात जोरात हसले.

एक नर्सबाई तेवढी हसली नाही.

ती इस्पितळात नर्स होती, म्हणून क्लासमध्ये तिला सगळे नर्सबाईच म्हणत. मागच्या बाकावर बसायची. स्वतःचा फोटो कधीच आणायची नाही. त्या दिवशी मात्र ती उठली, पुढे आली आणि वहिनीच्या हातात पेनड्राइव्ह ठेवला.

"मॅडम, एवढा एक उजळ करून द्याल? माझ्या धाकट्या भावानं काढलाय."

जरा थांबून म्हणाली, "शेवटचा."

भावाला समुद्राचे फोटो काढायचं वेड होतं. एका पहाटे खडकांवर गेला, तो परत आलाच नाही. ट्रायपॉड सापडला. त्यावर कॅमेरा जसाच्या तसा. त्यात हा एकच फोटो. भाऊ मात्र सापडला नाही.

वहिनीला नाही म्हणवेना. तिनं फोटो भिंतीवर लावला.

काळोख आणि धुकं. बस.

"शटर बराच वेळ उघडं ठेवलेलं दिसतंय," वहिनी सवयीनं शिकवायला लागली. "असं केलं की हलणारं सगळं पुसट होतं. लाटांचा नुसता धूर होतो. जे अजिबात हलत नाही, तेच स्पष्ट येतं."

आधी तिनं तिरकं झालेलं क्षितिज सरळ केलं. मग काळोखा भाग हळूहळू उजळत नेला. खडक वर आले.

खालचे हॉर्न थांबले.

कोणाच्या लक्षातही आलं नाही. वहिनीनं धुकं कमी करायची पट्टी सरकवली. थोडी. आणखी थोडी.

मैदानातला कल्ला बंद झाला... कोणीतरी बटण पिळून आवाज बारीक करावा, तसा.

आणि धुक्यातून एक माणूस दिसायला लागला.

पाण्यात होता. कमरेपर्यंत. पाठमोरा.

आजूबाजूच्या लाटांचा धूर झालेला, आणि तो मात्र खडकासारखा रेखीव. उसळत्या पाण्यात इतका वेळ तसूभरही न हलता कोण उभं राहील?

"तोच आहे," नर्सबाई कुजबुजली. "त्याचाच सदरा. मॅडम, अजून काढा ना धुकं."

वहिनीनं पट्टी पुढे सरकवली.

आता डोक्यावरचा पंखाही ऐकू येईना. फिरत होता. पण आवाज नाही.

आणि त्या माणसाचा खांदा... वळला होता.

वहिनीनं घाईघाईनं पट्टी मागे नेली. धुकं परत आलं. खांदा वळलेलाच राहिला.

तिनं माऊसवरून हात उचलला.

पट्टी कोणी हलवत नव्हतं. तरी धुकं विरत चाललं... आपलं आपण.

आता गाल दिसत होता.

मग अख्खा चेहरा.

मघाशी पाणी कमरेला होतं. आता गुडघ्याला.

तो येत होता.

"हा तो नाही!" नर्सबाई किंचाळली. "दिसतोय तसाच, पण हा माझा भाऊ नाही! पुसा त्याला! मॅडम, पुसा!"

वहिनीनं खोडायचा ब्रश उचलला आणि त्या आकृतीवरून फिरवला. पाय, छाती, मान. हा ब्रश नको ती वस्तू काढतो आणि तिथे शेजारचंच पाणी भरतो. रोज शिकवते ती.

चेहऱ्यावरून ब्रश फिरताना त्या मुक्या खोलीत एकच शब्द आला. भिंतीकडून.

"ताई..."

मारणाऱ्याचा नव्हता तो आवाज. बुडणाऱ्याचा होता.

दुसऱ्याच क्षणी हॉर्न, कल्ला, पंखा सगळं एकदम कानावर आदळलं. भिंतीवर नितळ, रिकामा समुद्र.

"वा!" टेंपोवाले काका म्हणाले. "काय चकाचक झाला हो फोटो!"

"काका... तो माणूस..."

"कोण माणूस?"

वहिनीनं वळून नर्सबाईकडे पाहिलं. ती डोळे पुसत होती, आणि आपल्या ओल्या बोटांकडे नवलानं बघत होती. आपण का रडतोय, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

पुढच्या रविवारी ती आली. खुशीत. वहिनीनं भीतभीत भावाचा विषय काढला.

"माझा भाऊ? काहीतरीच काय, मॅडम. मी एकुलती एक."

वहिनीनं फोटो उघडला, केलेले सगळे बदल मागे घेऊन पाहिले. काळोख, धुकं, समुद्र. माणूस नाही.

क्लास सुटल्यावर नर्सबाई दारात घुटमळली.

"मॅडम, एक विचारू? हसू नका हं. आई रोज जेवायला एक ताट जास्त घेते. आम्ही दोघीच तर आहोत. कोणासाठी घेतेस म्हटलं, की माझ्या तोंडाकडे बघत बसते. मग आम्ही दोघी त्या ताटाकडे बघत बसतो... आणि घास उतरत नाही."



त्या दुपारी नर्सबाईनं भावाचं नाव सांगितलं होतं. वहिनीनं ही हकीकत मला सांगितली, तेव्हा ते नाव मीही ऐकलं होतं. अगदी साधं, कोणाचंही असेल असं. आज लिहायला बसले आणि ते काही केल्या आठवेना. म्हणून वहिनीला फोन लावला.



ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "मी तुलाच विचारणार होते गं."