गच्चीवरची दुसरी टाकी

मुलांनो, डोळ्यांसमोर एक गच्ची आणा. पाण्याच्या दोन टाक्या, आणि त्यांच्यामध्ये संतापानं लालबुंद झालेली, नळदुरुस्तीवाल्याची मुलगी.

तिचे बाबा खाली अंथरुणाला खिळले होते. मेंदूच्या झटक्यानं वाचा गेली होती. विमा कंपनीनं गंभीर आजाराचे पैसे दिले खरे, पण तेवढेच आयुर्विम्यातून वजा केले. उद्या बाबांचं बरंवाईट झालं तर घराला जवळजवळ काहीच उरणार नव्हतं.

“यांनीच स्वस्तातला विमा घेतला!” आई धुसफुसली. “एजंट दारातून घाई करत होता, वर्षअखेर आहे, डॉक्टरी तपासणीत वेळ जाईल म्हणून. यांनी लगेच मान डोलावली!”

“बाबा म्हणाले होते, दोन्ही पैसे वेगळे आहेत!” मुलगी ओरडली. लबाड्यांचा छडा लावणाऱ्या शेजारच्या शोधकबाईंना तिनंच बोलावलं होतं. सोबत त्यांचे जाडेजुडे वकीलमित्र जिना चढून धापा टाकत होते.

बाई टाकीला टेकून उभ्या असलेल्या मुलीच्या काकाकडे वळल्या. “खांदा का चोळताय?”

“ही नवी टाकी दादानं आणि मी चढवली ना! दुसऱ्याच दिवशी दादा कोसळला.”

“दादांनी विमा घेतला तेव्हा इथं होतात?”

“दोन वर्षांपूर्वी? छे, परगावी होतो.”

बोलावून घेतलेला एजंट हसतमुखानं गच्चीवर आला. “ताई, मी इथंच उभं राहून समजावलं. ही टाकी आयुर्विम्याची, ती आजाराची. वेगळी घेतलीत तर एक संपली तरी दुसरी भरलेली. नाहीतर टाकी एकच, नळ दोन. आजाराचा उघडला की आयुर्विम्याचंही पाणी उतरणार. ते म्हणाले, एकच पुरे.”

“याच दोन टाक्या दाखवल्यात?”

“ह्याच. शपथेवर!”

“उदाहरण फक्कड हं!” वकील खूश झाले.

“फक्कडच,” बाई कडाडल्या. “फक्त तेव्हा इथं एकच टाकी होती! दुसरी चढली बाबा कोसळायच्या आदल्या दिवशी. तुम्ही काहीच समजावलं नाहीत. वेगळ्या विम्याला तपासणी लागली असती, तुमची वर्षअखेर हुकली असती. म्हणून ‘पैसे वेगळे’ सांगून एकत्र विमा त्यांच्या गळ्यात मारलात. आणि मुका माणूस खोटं पाडणार नाही, म्हणून खापर त्याच्या डोक्यावर!”

आई हळहळली. “आणि मी त्यांनाच बोल लावत होते...”

एजंटचा चेहरा उतरला. “चुकलं. कंपनीला खरं लिहून देतो.”

“ते देशीलच,” वकील गुरगुरले.

मुलीनं एजंटची बाही धरली, त्याला ओढत जिना उतरवला, बाबांच्या खोलीचं दार सताड उघडलं आणि म्हणाली, “आधी यांना सांगा.”